नांदीपूर्वींचा हिशेब

संगीत नाटकाचा पडदा वर जातो, ऑर्गनचा पहिला सूर नाट्यगृहांत भरतो आणि नटमंडळी हात जोडून नांदीस उभी राहते, तेव्हां नाटकाचा आरंभ झाला असें आपण प्रेक्षक समजतों. वस्तुतः त्या नाटकाचा आरंभ कित्येक महिने, कधीं कधीं कित्येक वर्षें, आधींच झालेला असतो; आणि तो सुरांनीं नव्हे तर आंकड्यांनीं झालेला असतो. पडद्यांस खर्च किती, नाट्यगृहाचें भाडें किती, बिऱ्हाडावर जेवणारीं माणसें किती, आणि हें सर्व पुरवावयाचें तर सावकार कोण, या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून एकाही नांदीचा सूर आजवर लागलेला नाहीं. आमच्या संगीत रंगभूमीचा इतिहास आम्हीं बहुधा गळ्यांचा इतिहास म्हणून लिहिला. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व, दीनानाथ हीं त्या इतिहासाचीं प्रकरणें. परंतु त्याच इतिहासाची दुसरी एक पोथी आहे व ती जमाखर्चाच्या वहीच्या रूपानें आहे. ती वही उघडल्याखेरीज एका प्रश्नाचा उलगडा होत नाहीं. ज्या कलेवर महाराष्ट्रानें पन्नास वर्षें एवढें प्रेम केलें, जिच्या प्रयोगांस लोक गांवोगांवांहून आले, ती बोलपट येतांच अवघ्या चार-पांच वर्षांत कां कोसळावी? प्रेम कमी पडलें काय? आमच्या मतें तसें नव्हे. उणीव होती ती अन्यत्र, आणि ती नांदीच्या आधींच्या हिशेबांत होती.

आरंभापासून पाहूं. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेव्हां हिशेबाचा प्रश्न जवळ जवळ नव्हताच. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांची आज्ञा होती आणि संस्थानचा आश्रय होता. पदें सूत्रधारानें म्हणावीं, पात्रांनीं प्रसंगानुसार भाषणें करावीं आणि खर्च दरबारानें सोसावा, अशी ती व्यवस्था होती. परंतु राजाश्रयाचें एक वैगुण्य असें कीं, राजाचें आयुष्य हीच त्याची मुदत असते. १८५१ सालीं आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांच्या मंडळीचा आधार तुटला. तेव्हां त्यांस गांव सोडून बाहेर पडावें लागलें. १८५३ सालीं मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत त्यांनीं तिकिटें लावून खेळ केले. मराठी नाटकानें राजाचा हात सोडून प्रेक्षकाचा हात धरला तो हा क्षण. इतिहासकार या घटनेकडे प्रगतीचें पाऊल म्हणून पाहतात व तें खरेंच आहे. पण तें पाऊल हौसेनें टाकलेलें नव्हतें, निरुपायानें टाकलेलें होतें, हेंही विसरूं नये. राजा एकदां रुकार देऊन वर्षाचा खर्च उचलतो. प्रेक्षक आधीं खेळ पाहतो आणि त्या रात्रीपुरते पैसे देतो. मग पहिल्या रात्रीच्या आधींचा खर्च कोणीं करावा? ही जी पोकळी त्या वेळीं निर्माण झाली, ती पुढें सावकारानें भरून काढली.

अण्णासाहेब किर्लोस्करांची कथा या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. बेळगांवकडील गुर्लहोसूर हें त्यांचें गांव. नाटकाचा नाद लहानपणापासून. पण उपजीविकेसाठीं कधीं शिक्षकाचें काम, कधीं पोलिसांतील नोकरी, असे करीत ते पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरींत नोकरीस होते. पारशी मंडळीचा 'इंद्रसभा' हा खेळ पाहून आपणही मराठींत असें संगीत नाटक करावें अशी स्फूर्ति त्यांस झाली, असें सांगतात. कालिदासाचें शाकुंतल त्यांनीं हातीं घेतलें. सात अंकांचें नाटक, शेंकड्यानें मोजावीं इतकीं पदें, आणि सगळें काम कचेरी सुटल्यावर! हाताशीं धनिक नाहीं, दरबार नाहीं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, शंकरराव मुजुमदार यांच्यासारखे गुणी सोबती मात्र होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहांत 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला. त्या दिवशीं रविवार होता, आणि जें नाटक लोकांनीं पाहिलें तें चारच अंकांचें होतें.

अपुरें नाटक रंगभूमीवर आणण्याचें हें धाडस आज आम्हांस चमत्कारिक वाटतें. पण त्याचा अर्थ वहीच्या दृष्टीनें पाहिला म्हणजे तें अगदीं शहाणपणाचें होतें असें दिसून येतें. सातही अंक पुरे होईपर्यंत थांबावें तर मंडळींस धीर नाहीं व तालमींस रंग नाहीं. चार अंक लोकांपुढें ठेवावे, लोकांचा कौल घ्यावा, आणि त्या उत्पन्नाच्या व उत्साहाच्या बळावर पुढचे तीन उभे करावे. दोन वर्षांनीं हाच क्रम पुन्हां घडला. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक झाले व पांच अंकांचें संपूर्ण नाटक पुढच्या वर्षीं आलें. १८८४ सालीं 'रामराज्यवियोगा'चेही तीन अंक तसेच पुढें आले. हप्त्याहप्त्यानें नाटक करण्याची ही रीत म्हणजे भांडवल नसलेल्या प्रतिभेनें काढलेली युक्ति होय. तिच्यांत सावकार नव्हता. पण तिच्यांतही एक कर्ज होतेंच, आणि तें आयुष्यावर काढलेलें होतें. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, अण्णासाहेब वारले. 'रामराज्यवियोग' तीन अंकांवर थांबलें तें कायमचें. ज्या पुरुषानें मराठी रंगभूमीस नवें रूप दिलें, त्याचा त्या रूपाशीं प्रत्यक्ष सहवास उण्यापुऱ्या पांच वर्षांचा. आणि त्याआधींचीं उमेदीचीं वर्षें कचेरीच्या दप्तरांत गेलेलीं. एखादा आश्रयदाता दहा वर्षें आधीं भेटता तर! पण अशा 'तर'ला इतिहासांत जागा नसते.

अण्णासाहेबांच्या मागें मंडळी टिकली, वाढली आणि तिच्या यशानें मराठी मुलुखांत संगीत मंडळ्यांचें पेंवच फुटलें. येथें वाचकांस या मंडळ्यांचा संसार कसा चाले हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. नाटक मंडळी म्हणजे आजच्यासारखी संध्याकाळीं एकत्र येऊन रात्रीं घरोघर जाणारी संस्था नव्हे. तें एक फिरतें एकत्र कुटुंबच असे. नट, साथीदार, पडदेवाले, कपडेपटवाले, आचारी, पाणके, शिकाऊ मुलें, सर्वांचें जेवणखाण एका बिऱ्हाडावर. गांव बदललें कीं हा सारा संसार, पडदे आणि पेट्या यांसह, रेल्वेनें हलवावयाचा; नव्या गांवीं जागा भाड्यानें घ्यावयाची आणि खेळ मात्र आठवड्यांतून दोन किंवा तीन. खर्च सात दिवसांचा, उत्पन्न तीन रात्रींचें. पाऊस लागला, सांथ आली, एखाद्या प्रमुख नटाचा आवाज बसला, कीं तेंही बंद. परंतु बिऱ्हाडावरील चूल कांहीं बंद ठेवतां येत नसे.

अशा संसारांत नवें नाटक बसविणें म्हणजे घरांत लग्नकार्य काढण्यासारखें होतें. नाटककारानें नाटक वाचून दाखवावें, मंडळींस तें पसंत पडावें, मग पदांस चाली शोधाव्या. चालींसाठीं भास्करबुवा बखले किंवा रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयास पाचारण करावें, चीज पसंत झाली म्हणजे तिच्यावर शब्द बसवावे, मग तालमी. आणि हें चालू असतां जुन्या नाटकांचे खेळ थांबवावयाचे नाहींत, कारण त्यांच्यावरच जेवणें चाललेलीं. म्हणजे दिवसा नव्या नाटकाची तालीम आणि रात्रीं जुन्याचा प्रयोग. शिवाय नवे पडदे, नवे पोशाख, नवे दागिने. या सर्वांस रोख रक्कम लागे, आणि नव्या नाटकाचें उत्पन्न तर पहिल्या प्रयोगानंतर, म्हणजे कित्येक महिन्यांनीं, सुरू होणार. मधली खिंड लढविण्यास सावकारावांचून दुसरा कोणी नव्हता. त्यानें दिलेल्या पैशाचें व्याज मात्र तालमीच्या पहिल्या दिवसापासून चालू होई. नाटक लांबलें तर तें केवळ लांबत नसे, महाग होत जाई.

या एका गोष्टीवरून 'खेळ चुकवूं नये' या जुन्या नटधर्माचा अर्थ निराळ्या प्रकारें उमगतो. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें खाडिलकरांचें 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणलें. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनी बालगंधर्व. त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही त्यांनीं रात्रीं भामिनीची भूमिका केली, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. ती कलेवरील निष्ठेची म्हणून सांगतात, आणि त्या निष्ठेबद्दल आम्हांसही संशय नाहीं. परंतु त्या रात्रीं त्या एका नटाच्या उभें राहण्यावर किती माणसांचें पोट, किती महिन्यांची मेहनत आणि किती रकमेची गुंतवणूक टांगलेली होती, याचा विचार मनांत आला म्हणजे त्या प्रसंगाचें कारुण्य दुणावतें. शोक करण्यास एक रात्र मोकळी मिळणें, हीही ज्या व्यवसायांत चैन ठरावी, तो व्यवसाय किती अरुंद कड्यावर उभा होता!

५ जुलै १९१३ रोजीं बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. एक अद्वितीय गायक-नट, एक अव्वल गद्य नट आणि एक चतुरस्र संगीतज्ञ असें तें त्रिकूट होतें; शिवाय बडोदें सरकारचा आश्रय. याहून शुभ मुहूर्त तो कोणता? पण टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले, पुढें बोडसही गेले, आणि मंडळीचें वैभव व मंडळीचें कर्ज हीं दोन्ही एकाच माणसाच्या शिरावर आलीं. तो माणूस हिशेब करणारा नव्हता. प्रेक्षकांस तो 'मायबाप' म्हणे, आणि मायबापांपुढें खोटें जरीकांठ व खोटे मोतीं आणावयाचे नाहींत असा त्याचा बाणा होता. खरे शालू, उंची गालिचे, अत्तराचा घमघमाट, साथीस उत्तमांत उत्तम माणसें. पुढच्या काळांत कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला त्या रंगमंचाखालून ऐकूं येई. थिरकव्यांसारखा तबला आणि एका नाटकाची साथ! अशी श्रीमंती एखाद्या दरबारासही क्वचितच लाभली असेल.

या श्रीमंतीची आवश्यकता कितपत होती, या प्रश्नाचें उत्तर त्या मंडळीच्याच दोन नाटकांत आम्हांस सांपडतें. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें वारले. त्यांचें 'एकच प्याला' तोंवर रंगभूमीवर आलेलें नव्हतें. पदें विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचिलीं, आणि २० फेब्रुवारी १९१९ रोजीं, म्हणजे कवीच्या मृत्यूनंतर महिनाही पुरा झाला नाहीं तोंच, बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग झाला. ज्याच्या लेखणींतून सिंधु आणि सुधाकर उतरले त्यानें त्यांना रंगमंचावर पाहिलें नाहीं. या नाटकांत बालगंधर्वांचे शालू नव्हते. दारूनें उध्वस्त झालेल्या घरांतील सिंधु ती. तिला ठिगळाचें जुनेर तेवढें शोभे. जात्यावर बसलेल्या त्या फाटक्या वस्त्रांतील सिंधूला पाहून प्रेक्षागृह रडलें. ज्या नटाच्या भरजरी लुगड्यांचे नमुने घरंदाज स्त्रियांनीं उचलले, त्याच्या आयुष्यांतील अत्यंत गाजलेल्या भूमिकांपैकीं एक ही जुनेऱ्यांतली होती!

पुढच्याच वर्षीं, १९२० सालीं, खाडिलकरांचें 'द्रौपदी' आलें. राजसूय यज्ञाचें वैभव आणि मयसभेचा थाट हा त्याचा विषयच. तेव्हां मंडळीनें खर्चाचा हात मोकळा सोडला. पडदे, देखावे, पोशाख यांवर जो पैसा ओतला गेला त्याची चर्चा त्या नाटकाच्या गुणदोषांच्या चर्चेपेक्षांही अधिक झाली. पण 'स्वयंवर' किंवा 'एकच प्याला' यांस लोकांच्या हृदयांत जी जागा मिळाली ती 'द्रौपदी'स मिळाली नाहीं. मयसभेंत दुर्योधनास जेथें जमीन दिसली तेथें पाणी होतें. मंडळीच्याही बाबतींत कांहींसें तसेंच झालें. प्रेक्षक वैभवासाठीं येतात असें वाटलें, आणि ते येत होते गाण्यासाठीं व माणसाच्या दुःखासाठीं. ही चूक कोणा एकाची नव्हे. नटानें भपका वाढवावा, प्रेक्षकांनीं त्याचें कौतुक करावें आणि त्या कौतुकानें नटानें पुन्हां भपका वाढवावा, असें तें चक्र होतें. त्यांतील निम्मा भार आम्हां प्रेक्षकांनींच फिरविला आहे.

१९२१ सालीं या सर्वांचा जमाखर्च समोर उभा राहिला. मंडळीचें कर्ज लाखाच्या वर गेलेलें, आणि तेंही ज्या काळीं लाख ही रक्कम ऐकूनच सामान्य गृहस्थाची छाती दडपे अशा काळीं. याच वर्षीं ८ जुलै रोजीं मुंबईस तो प्रसिद्ध संयुक्त 'मानापमान' झाला. 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी; उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास. सर्वांत उंची तिकिटाचा दर शंभर रुपये होता, असें सांगतात. एरवीं परस्परांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले दोन गळे एका रंगमंचावर एकत्र आले, यांतील कलेचा आनंद तर अवर्णनीयच. पण आम्हांस त्या रात्रींची दुसरी बाजू अधिक स्मरणीय वाटते. ज्याच्या दाराशीं सावकार बसलेले होते, त्यानें त्या रात्रीं मिळालेला पैसा देशाच्या झोळींत टाकला. हिशेबी माणसास हें वेडेपण वाटेल. पण अशा वेडेपणाच्या आठवणींवर समाज पिढ्यान्पिढ्या जगतो, हेंही हिशेबाच्याच वहींत कोठेंतरी मांडावयास हवें. केशवराव तर त्यानंतर तीन महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, ऐन तारुण्यांत निवर्तले.

कर्ज फेडण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. या फेडीचें कौतुक चरित्रकार करतात; पण त्या वर्षांत कलेस काय किंमत द्यावी लागली इकडे फारसें कोणी पाहत नाहीं. कर्जांत बुडालेल्या मंडळीस निश्चित उत्पन्न हवें असतें, आणि निश्चित उत्पन्न जुन्या, लोकांच्या ओळखीच्या नाटकांचेंच. नवें नाटक म्हणजे जोखीम. आणि जोखीम तर आधींच डोक्याच्या वर गेलेली. मग 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर', 'एकच प्याला' यांचीच आवर्तनें. 'मेनका' व 'कान्होपात्रा' यांसारखीं नवीं नाटकें आलीं, मास्तर कृष्णरावांच्या चालींनीं तीं नटलींही. परंतु नव्या आशयाकडे, नव्या रचनेकडे धिटाईनें वळण्याइतका अवकाश मंडळीपाशीं उरला नव्हता. पदांस वन्समोअर मिळे आणि नाटक रात्र संपली तरी संपत नसे. वन्समोअर म्हणजे जुनेंच पुन्हां. आणि कर्जदार रंगभूमीचें सारें आयुष्यच वन्समोअर होऊन बसलें. शिवाय १९२३ पासून मुंबई इलाख्यांत करमणुकीवर कर बसला तो वेगळाच. सावकारानें आमच्या संगीत नाटकाचे दागिने नेले याचें आम्हांस फारसें वाईट वाटत नाहीं. त्यानें त्याचें धाडस गहाण ठेवून घेतलें, याचें वाटतें.

परदेशांत असा प्रसंग आलाच नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. जर्मनींत रिचर्ड वाग्नर यानें आपल्या चार रात्रींच्या भव्य संगीत नाट्यमालेसाठीं बायरॉइट या लहान गांवीं स्वतंत्र नाट्यगृह बांधावयाचें ठरविलें. तीनशें थालरांची एक, अशा एक हजार आश्रयपत्रिका विकून भांडवल उभारावें ही त्याची योजना. २२ मे १८७२ रोजीं पायाभरणी झाली. पण पत्रिका खपेनात. १८७३ चा महोत्सव पुढें ढकलला, १८७४ चाही ढकलला, आणि काम बंद पडण्याची वेळ आली तेव्हां बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानें एक लाख थालर कर्जाऊ दिले. १८७६ च्या ऑगस्टांत अखेर पडदा वर गेला. राजेरजवाडे आले, जगभर नांव झालें, आणि हिशेबाअंतीं जवळ जवळ दीड लाख मार्कांची तूट निघाली! त्या तुटीमुळें त्या नाट्यगृहाचा पडदा पुढें सहा वर्षें, १८८२ पर्यंत, पुन्हां उघडूं शकला नाहीं. म्हणजे उधळपट्टी, दिरंगाई आणि कर्ज यांत तो महापुरुषही आमच्या मंडळ्यांस हार जाणारा नव्हता.

पण कर्ज फेडण्याच्या रीतींत फरक पडला, आणि तो फार महत्त्वाचा आहे. १८७८ सालीं असा करार झाला कीं, म्युनिकच्या दरबारी नाट्यगृहांत वाग्नरच्या कृतींचे जे प्रयोग होतील त्यांच्या उत्पन्नाचा ठरलेला अंश त्या कर्जाकडे जावा. म्हणजे तारण होती ती कृति. कर्ता थकला, म्हातारा झाला, मेला, तरी कृति कमावीत राहते. आमच्याकडे तारण कोणतें होतें? नाट्यगृहें बहुधा भाड्याचीं. नाटकाचा पडदा, पोशाख हे फिरतीनें झिजणारे. मग गहाण पडला तो नटाचा गळा. आणि गळा ही अशी मिळकत आहे कीं, ती वापरली तर झिजते, न वापरली तर उत्पन्न नाहीं, आणि वय झालें कीं तिच्यावर कोणी पैसा देत नाहीं. एका माणसाच्या गळ्यावर साऱ्या कलाप्रकाराचा बोजा टाकणें, ही आमच्या व्यवस्थेंतील मूळ चूक होय.

ती चूक उघडी पाडण्यास बोलपट निमित्त झाला. १९३१ सालीं 'आलम आरा' आला, १९३२ सालीं प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. आणि त्यांतील हरिश्चंद्र कोण, तर गंधर्व मंडळीच्या तीन संस्थापकांपैकीं एक, गोविंदराव टेंबे! ज्या नाट्यगृहाच्या मालकास मंडळीकडून भाडें घेण्यास वाट पाहावी लागे, त्यास चित्रपटाच्या पेट्या अधिक किफायतशीर वाटल्या तर त्यास दोष देतां येत नाहीं. पेटीस बिऱ्हाड लागत नाहीं, पेटीचा आवाज बसत नाहीं. बळवंत संगीत मंडळीनें काळाचें पाऊल ओळखून स्वतःच चित्रपट काढण्याचें साहस केलें; परंतु तोट्याच्या धंद्यांतून निघून दुसऱ्या तोट्यांत पडण्यापलीकडे त्यांतून निष्पन्न झालें नाहीं, आणि मंगेशीच्या त्या तेजस्वी गायकाचा, दीनानाथांचा, १९४२ सालीं पुण्यांत अकालीं अंत झाला. बालगंधर्वांनीं मंडळी आवरती घेतली आणि १९३५ सालच्या प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटांत एकनाथांची भूमिका केली. सत्तेचाळीस वर्षांचा तो नट प्रथमच पुरुषवेषांत पडद्यावर आला तेव्हां लोकांनीं टाळ्या वाजविल्या असतील. पण त्यांच्या डोळ्यांपुढें भामिनीच उभी असावी. पुढें ते रंगभूमीवर परतले, पण गेलेले दिवस परतले नाहींत.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग बालगंधर्वांनीं काटकसर करावयास हवी होती, इतकाच ना तुमचा निष्कर्ष? आमचा निष्कर्ष तो नव्हे. हिशेबी बालगंधर्व हे बालगंधर्व राहिले असते किंवा कसें याची आम्हांस शंका आहे. कलावंतानें हिशेबी असावें अशी अपेक्षा करणें म्हणजे मोगऱ्यानें स्वतःस पाणी घालावें असें म्हणण्यासारखें आहे. प्रश्न कलावंताचा नसून त्याच्या भोंवतालच्या समाजाचा आहे. राजे गेले तेव्हां त्यांची जागा आम्हीं सुशिक्षित मध्यम वर्गानें घेतली. निदान घेतली असें आम्हीं म्हटलें. पण राजानें जें केलें तें आम्हीं केलें नाहीं. राजा नाटक होण्यापूर्वीं पैसा देत असे; आम्हीं नाटक झाल्यावर, तेंही उत्तम झालें असें ऐकल्यावर, तिकिट काढलें. जोखमीचा सारा काळ आम्हीं सावकाराच्या हवालीं केला आणि मग सावकारानें कलेचे हाल केले म्हणून हळहळलों. संयुक्त मानापमानाच्या रात्रीं महागडें तिकिट काढणारे लोक या समाजांत होते. परंतु नव्या, अनोळखी नाटकासाठीं आधीं पांच रुपये देऊन ठेवणारे किती होते?

या कथेचा शेवट अगदींच निराशेचा आहे असें मात्र नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत 'पंडितराज जगन्नाथ', 'कट्यार काळजांत घुसली' यांसारखीं नवीं संगीत नाटकें आलीं व लोकांनीं तीं डोक्यावर घेतलीं. यांच्यामागें फिरतें बिऱ्हाड नव्हतें, मयसभेचा थाट नव्हता. संस्था होत्या, मोजका खर्च होता, आणि जितेंद्र अभिषेकी बुवांसारखा संगीतकार व वसंतराव देशपांड्यांसारखा गळा होता. म्हणजे पाणी आटलेलें नव्हतें, विहिरीची बांधणी चुकलेली होती. पुण्यांत १९६८ सालीं बालगंधर्वांच्या नांवानें रंगमंदिर उभें राहिलें. त्यांच्या हयातींत त्यांच्या मंडळीस जें स्थिर छप्पर असावयास हवें होतें, तें त्यांच्या मृत्यूच्या दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवास मिळालें. आम्ही मराठी माणसें ऋण फेडतों खरें, पण बहुधा वारसांकडे.

आजही कोणी तरुण संगीतकार, कोणी कवि, नवें संगीत नाटक लिहून बसलेला असतो. चाली तयार असतात, पात्रें ठरलेलीं असतात, आणि तालीम मात्र 'पैशाचें जमलें कीं' या एका वाक्यावर अडून राहिलेली असते. अण्णासाहेबांनीं चार अंकांवर पडदा वर नेला, कारण त्यांना थांबणें परवडत नव्हतें. त्या रविवारीं आनंदोद्भव नाट्यगृहांत जे पुणेकर जमले त्यांनीं अपुरें नाटक पाहण्यासाठीं पैसे मोजले, अपुरें म्हणून परत फिरले नाहींत. आणि म्हणूनच पुढचे तीन अंक झाले. मराठी संगीत रंगभूमीचा पाया कोणीं घातला असें कोणी विचारल्यास आपण अण्णासाहेबांचें नांव सांगतों. त्या नांवाशेजारीं आम्हांस त्या रात्रींच्या अनामिक प्रेक्षकांचेंही स्मरण ठेवावेंसें वाटतें. पूर्ण झालेल्या कलेचें कौतुक करणारे सर्वत्र असतात. अपुऱ्या कलेवर विश्वास टाकणारे थोडे. नांदीपूर्वींच्या हिशेबांत जमेची बाजू त्यांच्याच हातीं असते.